'हे लोक टीममध्ये चालत नाहीत' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात धाकट्या भावाने मला एक फॉरवर्ड पाठवला, त्याच्याच ऑफिसच्या ग्रुपवर आलेला. 'ऑटिझम असलेल्यांना कामावर घेण्याआधी हे वाचा!' सोबत त्याचा प्रश्न: "ताई, मी असा आहे का?" तो ऑटिस्टिक आहे, म्हणजे जग समजून घेण्याची आणि इतरांशी संवाद साधण्याची त्याची पद्धत जन्मापासून वेगळी आहे, हे त्या ग्रुपवर कुणालाच माहीत नाही.

'यांना समोरच्याचं मन कळत नाही, म्हणून टीममध्ये चालत नाहीत.' फॉरवर्डमधल्या या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. संशोधक कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांचा २०२० मधला प्रयोग बघा. आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या. पहिल्याने ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला सांगायची, त्याने तिसऱ्याला, असं शेवटपर्यंत. सगळेच ऑटिस्टिक असलेल्या साखळ्यांमध्ये गोष्ट इतरांच्या साखळ्यांइतकीच टिकली. जास्त गळाली ती मिश्र साखळ्यांमध्ये. म्हणजे घोळ दोघांच्या मध्ये होतो, आणि खापर मात्र एकाच्याच डोक्यावर! डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले अभ्यासक २०१२ पासून हेच सांगतायत. ऑटिस्टिकसाठी मराठीत वापरला जाणारा 'स्वमग्न' (स्वतःतच गढलेला) हा शब्दही या गैरसमजाला खतपाणीच घालतो, म्हणून मी तो वापरत नाही.

'नजर चुकवतात, म्हणजे काहीतरी लपवतात.' भाऊ म्हणतो, "डोळ्यांत बघत बसलो तर बोलणं डोक्यात शिरत नाही." मीटिंगभर तो वहीकडे बघतो आणि नंतर कोण काय म्हणालं ते क्रमाने सांगतो.

'कॉम्प्युटरवर बसवा, सगळे जीनियस असतात.' नसतात. काही असतात, जसे इतरांतही असतात.

लसीमुळे ऑटिझम होतो, हेही मध्येच घुसडलंय. असा संबंध सुचवणारा ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्डचा १९९८ चा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्येच मागे घेतला. पुरे.

'यांच्यासाठी सगळं ऑफिस बदलावं लागतं.' गोंगाटाच्या मोकळ्या हॉलमध्ये अनेकांना त्रास होतो, काहींना बरीच मदत लागते, हे मान्य. पण भावाला काय लागलं? हेडफोन, भिंतीकडची जागा आणि स्पष्ट सूचना. आधीच्या नोकरीत साहेब म्हणाले, "ती फाइल जरा बघून ठेव." याने बघितली आणि ठेवली. संध्याकाळी सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. आताच्या मॅडम लिहून पाठवतात: 'गुरुवारी चारपर्यंत, पहिली तीन पानं, फक्त आकडे तपास.' गुरुवारी चारच्या आत काम टेबलावर असतं. एवढं एक वाक्य लिहायला कुठलं ऑफिस बदलावं लागलं?