पंप कोरडा चालवून बघू नका, आणि तो मेसेज पुढे पाठवू नका

"वॉटर कूलिंगचा पंप घेताय? आधी हे सहा नियम वाचा" असा, कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवण्याबद्दलचा एक मेसेज गेले काही दिवस फिरतोय. मला तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा मी वाचून सोडून दिला. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. परवा रात्री मावसभावाचा फोन आला, "दादा, तू सांगितलेलाच पंप घेतला, पण खरखरतोय." काय केलंस विचारलं, तर म्हणे पहिल्या नियमात लिहिलंय की लूपमध्ये (पाणी फिरतं त्या बंद नळ्यांच्या वाटेत) बसवण्याआधी पंप दहा मिनिटं कोरडाच चालवा, आवाज आला तर पीस खराब, परत करा. त्याने हातात धरून दहा मिनिटं चालवला, आवाज यायला लागला म्हणून नीट ऐकायला अजून पाच मिनिटं चालवला, आणि नवाकोरा पंप त्या पंधरा मिनिटांत गेला. त्याने कित्येक महिने पैसे बाजूला टाकून घेतलेली वस्तू होती ती.

म्हणून आता एकेक मुद्दा घेतो. पहिल्यावर जास्त बोलणार, कारण नुकसान त्यानेच होतंय.

"आधी कोरडा चालवून आवाज तपासा."

कॉम्प्युटरच्या लूपमधले जवळपास सगळे पंप ओल्या रोटरचे असतात, म्हणजे फिरणारा भाग पाण्यातच बुडालेला असतो आणि बेअरिंगला वंगण म्हणून तेच पाणी. भावाने घेतलेला पंप डी५ जातीचा, मूळ डिझाइन लाइंगचं, आता ती कंपनी झायलेमकडे आहे. यात नेहमीसारखा शाफ्ट नाही, सील नाही. वरची रिंग फिरवून काढली की आत वाटीसारखा रोटर दिसतो, चुंबकामुळे थोडा ओढून काढावा लागतो, आणि त्याखाली एका दांडीवर छोटासा सिरॅमिकचा गोळा. संपूर्ण रोटर त्या एका गोळ्यावर तोललेला असतो आणि मध्ये असते फक्त पाण्याची पातळ फिल्म. म्हणून तर हा पंप इतका शांत आणि वर्षानुवर्षं टिकणारा. ती फिल्मच नसेल तर काय होणार? मिनिटाला हजारो फेऱ्या, कोरड्यावर कोरडं घासणार आणि ती उष्णता वाहून न्यायलाही पाणी नाही.

भावाचा पंप मी उघडला. गोळा वरून ठीक वाटत होता, पण रोटरच्या मधल्या खळग्यात बोट फिरवलं तर काळपट भुकटी लागली आणि कडेने एक गोल चरा नखाला जाणवत होता. आता त्यात पाणी भरलं तरी तो चरा भरून येणार नाही, पंप चालेल पण खरखर कायमची.

आणि हे शोधायला इंटरनेट पालथं घालायची गरज नव्हती. खोक्यात पंपासोबत जो घडीचा कागद येतो त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं, पंप कोरडा चालवू नये. मेसेज लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी तो कागद उघडला असता तर! शिवाय कोरड्या पंपाचा आवाज हा पंपाचा खरा आवाज नसतोच, त्यामुळे ही "तपासणी" चांगला पंपसुद्धा नापासच करणार, आणि मग लोक बिघडवलेला पंप खराब निघाला म्हणून परत करणार.

तपासायचंच असेल तर असं करा. हे पंप स्वतःहून पाणी ओढून घेत नाहीत, म्हणून टाकी पंपाच्या वर पाहिजे. टाकी भरा, पाणी आपल्या वजनाने पंपात उतरू द्या, बाकी मशीनला करंट न देता एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या) २४ पिनच्या कनेक्टरला जंपर (दोन पिन जोडणारा तुकडा) लावून फक्त पंप चालू करा, टाकीतलं पाणी तळाला जायच्या आत बंद करा, परत भरा, परत चालू. लूप भरेपर्यंत हेच. नंतर कॅबिनेट हळूहळू चारी बाजूंना कलतं करा म्हणजे रेडिएटरमध्ये अडकलेली हवा बाहेर येते. पहिले एक-दोन दिवस बुडबुड्यांचा आवाज येतोच, तो ऐकून घाबरू नका. हवा निघून गेल्यावर जो आवाज उरतो तो पंपाचा.

"पाणी हळू फिरवा म्हणजे रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळ मिळतो."

हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडी ऐकलंय की आता खरंच वैताग येतो. अरे, लूप बंद आहे! पाणी रेडिएटरमध्ये जास्त वेळ थांबलं तर ब्लॉकमध्येही (प्रोसेसरवर बसवतात तो, उष्णता घेणारा तांब्याचा ठोकळा) तितकाच जास्त वेळ थांबणार आणि तिथे तितकंच जास्त तापणार. एका फेरीला वेळ जास्त, पण तासाला फेऱ्या कमी, हिशोब तिथेच येतो.

आकड्यात बघू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४१८० ज्यूल लागतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ४०० वॉट उष्णता टाकत असतील आणि पाणी मिनिटाला ४ लिटर फिरत असेल तर लूपमधल्या सगळ्यात गरम आणि सगळ्यात गार पाण्यात फरक पडतो जेमतेम दीड अंशाचा. २ लिटरवर आणलं तर तीनच्या आसपास, १ लिटरवर जवळपास सहा अंश. म्हणजे हळू केल्याने फायदा शून्य, उलट ब्लॉकमधून बाहेर पडणारं पाणी जास्त गरम, आणि ब्लॉकच्या बारीक खाचांमधून पाणी रेंगाळत गेलं की तांब्याकडून उष्णता घेण्याची ताकदही कमी होते.

आता यात अर्धं खरं काय ते मान्य करतो, नाइलाजाने. ४ लिटरवरून ८ वर नेलंत तर तो फरक दीडवरून पाऊण अंशावर येतो, म्हणजे हाताला काहीच लागत नाही, वाढतो तो फक्त आवाज. त्यामुळे पंप फुल स्पीडला पळवायची गरज नाही हे बरोबर. पण ते "थंड व्हायला वेळ मिळतो" म्हणून नाही, पुढे वाढवून काही मिळत नाही म्हणून. कारण चुकीचं सांगितलं की लोक हळू करत करत अर्ध्या लिटरवर आणतात आणि मग विचारतात तापमान का चढलं.

"खोक्यावर लिटरचा आकडा जितका मोठा तितका पंप भारी."

वर म्हणे हळू फिरवा, खाली म्हणे मोठा आकडा घ्या. एकाच मेसेजमध्ये!

डी५ वर तासाला १५०० लिटर असं लिहिलेलं असतं, आणि हेड, म्हणजे पंप पाणी किती उंच ढकलू शकतो तो आकडा, सुमारे ३.९ मीटर. पण हे दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. १५०० लिटर मिळतात पुढे कसलाच अडथळा नसताना, आणि ३.९ मीटर मिळतो प्रवाह पूर्ण अडल्यावर. ब्लॉक, रेडिएटर, वळणं लावली की प्रत्यक्षात तासाला दोन-तीनशे लिटर, आणि तेवढे पुरतात. दुसरा लोकप्रिय प्रकार डीडीसी, त्याच्या १८ वॉटच्या मॉडेलवर आकडा १००० लिटरच्या आसपास पण हेड पाच मीटरच्या वर. ब्लॉक आणि रेडिएटर जास्त असलेल्या, अडथळ्याच्या लूपमध्ये हा लहान आकड्याचा पंप पुढे जाऊ शकतो. त्याचा तोटा वेगळा आहे, इलेक्ट्रॉनिक्स खालच्या बाजूला असतं आणि ते चांगलंच तापतं, म्हणून त्याला खालून हवा लागते, फोममध्ये गुंडाळून बसवू नका. बघायचा तो प्रवाह आणि दाबाचा आलेख, एकटा आकडा नाही.

"कॅबिनेट उंच असेल तर जास्त हेडचा पंप लागतो." नाही. लूप एकदा पूर्ण भरला की वर चढणारं पाणी आणि खाली उतरणारं पाणी एकमेकांना तोलतात. पंप झगडतो तो घर्षणाशी, उंचीशी नाही. पुढे.

"वेगळी वायर नको, पंप सरळ फॅन हेडरला लावा."

हा दुसरा धोकादायक मुद्दा. मदरबोर्डचा साधा फॅन हेडर, म्हणजे पंखा जोडायच्या पिनांची जागा, बहुतेक वेळा १ अँपिअरचा, म्हणजे १२ व्होल्टला १२ वॉट. डी५ फुल स्पीडला २३ वॉटपर्यंत घेतो. दुप्पट झालं ना! हेडर जळाला तर बोर्ड दुरुस्तीला. म्हणूनच पीडब्ल्यूएमच्या (सिग्नलने स्पीड बदलता येणाऱ्या) पंपाला दोन शेपट्या असतात, पॉवरची थेट एसएमपीएसला आणि दुसरी, जिच्यात फक्त स्पीडचे सिग्नल असतात, ती बोर्डाला. काही बोर्डांवर पंपासाठी २-३ अँपिअरचा वेगळा हेडर असतो, पण ते मॅन्युअलमध्ये बघून ठरवा. आणि ती सिग्नलची शेपटी लावाच, पंप थांबला तर आरपीएम (मिनिटाच्या फेऱ्या) शून्य दिसून बायोसला, म्हणजे बोर्डाच्या आतल्या प्रोग्रामला, ओरडता येतं.

"फिशटँकचा पंप आणि हा पंप एकच, पैसे वाचवा."

हे एकेकाळी खरं होतं. सुरुवातीच्या काळात लोकांनी आयहाइमचे १०४६, १०४८ हे फिशटँकचेच पंप लावले, आणि ते शांत होते, टिकलेही, यात वाद नाही. पण ते घरच्या मेन लाइनवर चालणारे. कॉम्प्युटर चालू केला आणि पंप चालू करायचा राहिला तर पाणी जागच्या जागी तापत बसतं, रिले लावून जोडावं लागायचं, स्पीड कमी-जास्त करता येत नाही, आरपीएम कळत नाही. शिवाय आजचे बारीक खाचांचे ब्लॉक जास्त दाब मागतात. आज ते करण्यात अर्थ नाही.

आणि शांततेबद्दल त्या सहा नियमांत एक ओळ धड नाही, म्हणून सांगतो. असल्या पंपात स्पीड ६० टक्क्यांवर आणला तर प्रवाह साधारण ६० टक्के राहतो, दाब ३६ टक्के आणि लागणारी पॉवर जवळपास पाचव्या हिश्श्यावर येते. आवाज कमी करायचा सगळ्यात सोपा मार्ग हाच. त्यानंतर बघायचं ते कंपन, पंप पत्र्याला थेट स्क्रूने आवळला की अख्खं कॅबिनेट गुणगुणतं. खाली सिलिकॉनचे किंवा फोमचे पॅड द्या, ट्यूबचा पहिला तुकडा मऊ ठेवा.

भावाला दुसरा पंप मिळाला, यावेळी पाणी भरताना मी शेजारी बसलो होतो. दोन दिवस बुडबुडे वाजले. आता २८०० आरपीएमला चालतोय, आणि चालू आहे का हे बघायला त्याला टाकीवर हात ठेवावा लागतो.