लोखंडी रेंजर आणि ४ डॉलर येणे

नदीकाठी तंबू ठोकून राहायचं ही टूम माझीच. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा धनीही मीच.

सिअ‍ॅटलहून निघालो, कॅस्केड पर्वतात शिरलो आणि मोबाइलची रेंज गेली. मुक्कामी पोहोचलो तर चिटपाखरू नाही. तोंडाशी एक जाडजूड लोखंडी नळकांडं तेवढं उभं. त्याला इकडे ‘आयर्न रेंजर’ म्हणतात. पाकिटावर गाडीचा आणि जागेचा नंबर लिहायचा, आत पैसे घालायचे, पाकीट फटीत सारायचं आणि फाडलेला तुकडा आपल्या जागेच्या खांबाला अडकवायचा. रात्रीचे १६ डॉलर. कार्ड चालत नाही.

“तपासायला कोण येतं?” बाबांनी विचारलं. बाबा एसटीतले निवृत्त कंडक्टर.

“येतात कधीतरी.”

“म्हणजे सगळी गाडी विनातिकीट!”

माझ्या खिशात २० ची एकच नोट. नळकांड्याकडे सुट्टे मागणार कसे? बायको म्हणाली, “जाऊ दे रे, ४ डॉलर जंगलाला दान.” बाबा कळवळले. “पाकिटामागे लिही, ४ येणे. आम्ही तिकिटामागे लिहून द्यायचो. निम्मे लोक उतरताना विसरायचे, ती गोष्ट वेगळी.”

ही जागा नॅशनल फॉरेस्टातली, म्हणजे सरकारी जंगलातली; अशी जंगलं १९०५ पासून अमेरिकेच्या शेतकी खात्याकडे आहेत, असं मी सांगून बसलो. त्यावर बाबांनी सातबारा कुणाच्या नावावर आहे ते विचारलं. १४ दिवसांच्या वर राहता येत नाही म्हणून बरं, नाहीतर त्यांनी कूळकायदा लावला असता.

पाटीवर अस्वलांची सूचना होती: खाणंच काय, टूथपेस्टसुद्धा गाडीत बंद ठेवा. लसणीची चटणी बाहेर ठेवली तर अस्वलच पळेल, हे बाबांचं मत. चटणी गाडीत गेली. पुढचे दोन आठवडे मी ऑफिसला लसणीच्या वासात जात होतो.

संडास म्हणजे खोल खड्ड्यावरची खोली. नळ नाही, फ्लश नाही. बारा वर्षं अमेरिकेत काढून शेवटी नदीवरून तांब्या भरून आणायची वेळ आली. तीही टोपीवाल्या मासेमाऱ्यांच्या देखत.

अंधार पडता पडता एक पिकअप आला. त्या बाप्याकडे १२ डॉलर होते आणि १६ हवे होते. तो नळकांड्यासमोर डोकं खाजवत उभा. आमचंही पाकीट अजून खिशातच होतं. बाबा ताडकन उठले. “२० आणि १२ किती? ३२. दोन तिकिटं! जोडीने घ्या!”

मी भाषांतर केलं. एका पाकिटात ३२ डॉलर कोंबले. दुसऱ्यात चिठ्ठी: ‘पैसे शेजारच्या पाकिटात आहेत.’

रात्रभर नदीच्या आवाजाने बाबा मला हलवून विचारत होते, “पाऊस आला का रे?” सकाळी पिकअपवाला सरपणाची मोळी देऊन गेला. बाबांनी ती हातात धरून तोलली.

“अडीचची असेल,” म्हणाले. “दीड येणे.”