मेंटॉरिंगचा तास टाइमटेबलात का नाही?

पहिल्या इंटर्नलचे मार्क लागले की आमच्या बेळगावकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत प्रॉक्टर डायऱ्या कपाटातून बाहेर निघतात. प्रॉक्टर म्हणजे पोरांचा मेंटॉर म्हणून नेमलेला प्राध्यापक. एका प्रॉक्टरकडे साधारण वीस पोरं. प्रत्येकाच्या पानावर हजेरी, इंटर्नलचे मार्क, पालकांचा फोन नंबर, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्यात वीसही जणांपुढं एकच वाक्य असतं: ‘समुपदेशन केले, अभ्यास वाढवण्यास सांगितले.’ पोराची सही, प्रॉक्टरची सही, एचओडीची सही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फॉर्ममध्ये एका मेंटॉरमागे विद्यार्थी किती हे विचारतात, ते गुणोत्तर सुंदर दिसतं. कोर्सना मान्यता देणाऱ्या एनबीएची टीम आली की ह्याच डायऱ्या टेबलावर मांडतात.

मी पहिल्या वर्षाला गणित शिकवते. कम्प्युटर असो, सिव्हिल असो, ई अँड सी असो, सगळ्या ब्रँचची पोरं कोरी असताना माझ्या वर्गातून जातात. खानापूरकडची, चंदगडची, निपाणी-हुक्केरीकडची, गोकाक-बैलहोंगलची. त्यांच्याकडं बघून माझं एकच म्हणणं झालंय. मेंटॉरिंग हे काम आहे असं कॉलेजला खरोखर वाटत असेल, तर ते प्राध्यापकाच्या वर्कलोडात धरा आणि आठवड्याच्या टाइमटेबलात त्याला एक तास द्या. थिअरीचे तास धरता, लॅबचे धरता, प्रोजेक्ट गाइडिंगचे धरता. मग हे काम दोन लेक्चरच्या मधल्या दहा मिनिटांत, जिन्यात उभं राहून, कसं काय होणार?

त्या तासात करायचं काय, हा प्रश्न मला माझ्याच स्टाफरूममध्ये विचारला जातो. ‘अभ्यास कर म्हणायला तास कशाला पाहिजे?’ अगदी बरोबर. अभ्यास कर म्हणायला अर्धं मिनिट पुरतं. पण एका पोराचा हिशेब मांडायला वेळ लागतो, आणि तो हिशेब त्याला कुणीच शिकवलेला नसतो.

व्हीटीयूच्या, म्हणजे आमच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या, २०२२ च्या स्कीमचंच घ्या. विषयाचे मार्क १००. त्यातले ५० कॉलेजातले, म्हणजे सीआयई, आणि ५० विद्यापीठाच्या परीक्षेचे, एसईई. सीआयईत किमान २० पाहिजेत, नाहीतर परीक्षेलाच बसता येत नाही. एसईईत किमान १८. पोरं हे दोन आकडे पाठ करतात आणि निवांत होतात. पण २० आणि १८ मिळून ३८ होतात आणि पास व्हायला एकूण ४० लागतात! दोन्हीकडे काठावर पास झालेलं पोरगं विषयात नापास होतं आणि निकालाच्या दिवशी माझ्यापुढं मोबाइल धरून म्हणतं, ‘मॅडम, हे चुकलंय बघा.’ चुकलेलं काही नसतं.

ह्यातच पुढची गोम आहे. एसईईचा पेपर १०० मार्कांचा असतो आणि मिळालेले मार्क निम्मे करतात. म्हणजे सीआयईत २० वर थांबलेल्याला त्या पेपरात ४० काढावे लागतात आणि सीआयईत ४५ घेतलेल्याला ३५ पुरतात (निम्मे साडेसतरा, ते १८ धरतात). पाच मार्कांचा फरक. पाच मार्क म्हणजे एखाद्या प्रश्नातला एक पोटप्रश्न. पण ज्याला गणितच जड जातं त्याला हे पाच मार्क ऑक्टोबरात असाइनमेंट वेळेवर देऊन मिळवणं सोपं, जानेवारीत पेपरात मिळवणं अवघड. हे त्याला ऑक्टोबरात सांगितलं तर उपयोग. फेब्रुवारीत सांगून रिव्हॅलचा, म्हणजे पेपर पुन्हा तपासायचा, फॉर्म भरण्यापलीकडं काय हातात राहतं?

क्रेडिटचंही तसंच. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन. ह्याच स्कीममध्ये पहिल्या सेमला २० क्रेडिट असतात. गणिताला ४, आणि कन्नड किंवा संविधान ह्यांच्यासारख्या विषयांना १. गणितात एक ग्रेड पॉइंट वाढला तर एसजीपीए, म्हणजे सेमची सरासरी, ०.२ ने वर जातो, एका क्रेडिटच्या विषयात वाढला तर ०.०५ ने. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी पोरांना एका क्रेडिटच्या विषयाच्या नोट्स रंगीत पेनानं सजवताना बघते, कारण तो विषय ‘समजतो’. समजणाऱ्या विषयात रमणं हा माणसाचा स्वभाव आहे. वेळ कुठं घालायचा हे कुणीतरी शेजारी बसून, त्याचेच मार्क पुढ्यात ठेवून दाखवायला लागतं. वर्गात फळ्यावर हे गणित मी सगळ्यांना एकदम सोडवून दाखवते. माना डोलतात. त्यातनं कुणी स्वतःचे आकडे घालून बघत नाही.

आता हजेरी. नियम ८५ टक्क्यांचा. चाळीस तासांचा विषय असेल तर चौतीस तास बसायला पाहिजे, सहा तास हातात. सहा ऐकायला बरे वाटतात. त्यात गावची यात्रा, बहिणीचं लग्न, दोन दिवसांचा ताप आणि चुकलेली बस बसवून बघा. खानापूर तालुक्यातल्या आतल्या गावांतून येणारी मुलगी पहिल्या तासाला पोचते की नाही हे तिच्या हातात नसतं. जून २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट झाली आणि माझ्या वर्गातल्या काही मुलींचं शिक्षण त्यामुळं टिकलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण गर्दीनं बस स्टॉपवर न थांबता पुढं जाते तेव्हा त्याच मुलीचा पहिला तास बुडतो. आणि पहिला तास आठवड्यात कायम एकाच विषयाचा असेल तर शॉर्टेजही त्याच एका विषयात येतं. हे मस्टरवर दिसतं, पण का हे दिसत नाही. डायरीत लिहिलेलं असतं, ‘अनियमित.’ प्रॉक्टरला ते ‘का’ माहीत असेल तर टाइमटेबल कमिटीला सांगून तो विषय दुपारी नेता येतो. फुकटचं काम आहे हे, पैसा लागत नाही.

भाषेबद्दल लिहायचं टाळणार होते, कारण बेळगावात भाषा म्हटलं की लोक लगेच बाह्या सरसावतात. पण लिहिल्याशिवाय हे पुरं होत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजी, तिथं दोन वर्षं कशीबशी ढकलून सीईटीच्या रँकवर इंजिनिअरिंग. असा प्रवास केलेली पोरं माझ्या वर्गात दरवर्षी असतात आणि ती हुशार असतात. त्यांचा प्रॉक्टर म्हैसूर-हासनकडचा असतो, चांगला शिकवणारा, मनानं सज्जन. तो इंग्रजीत विचारतो, ‘एनी प्रॉब्लेम?’ पोरगं म्हणतं, ‘नो सर.’ रकाना भरला. तेच पोरगं बाहेर येऊन मला म्हणतं, ‘मॅडम, पहिल्या दिवसापासनं कायबी कळंना झालंय.’

उलटंही तितकंच होतं. गोकाककडनं कन्नड माध्यमातून आलेल्या मुलाला मराठी बोलणारा प्रॉक्टर मिळाला की तोही तसाच ‘नो सर’ म्हणतो. तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, एआयसीटीईनं, २०२१ मध्ये मराठी आणि कन्नडसह आठ भारतीय भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. मी ते मागत नाहीये. पुस्तकं, लॅब मॅन्युअल, नोकरीची मुलाखत, सगळं इंग्रजीत असताना फक्त वर्ग मराठीत करून पोरांचं भलं होईल असं मला वाटत नाही. मी एवढंच म्हणते की पहिल्या वर्षापुरता प्रॉक्टर वाटताना रोल नंबर बघू नका, पोरगं घरात काय बोलतं ते बघा. इंटिग्रेशन इंग्रजीत शिकता येतं. ‘मला भीती वाटते, घरी सांगू नका’ हे इंग्रजीत सांगता येत नाही.

डिप्लोमातून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट. ही पोरं तिसऱ्या सेमला येतात तेव्हा बाकीच्यांचे ग्रुप जमलेले असतात, वर्ष निघून गेलेलं असतं. वर्कशॉपात ती सगळ्यांच्या पुढं. काही जणांनी उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या, मशीन शॉपमध्ये सुट्टीत काम केलेलं असतं, लेथवर त्यांचा हात बघण्यासारखा चालतो. आणि तिसऱ्या सेमच्या गणितात ती बुडतात, कारण पहिल्या वर्षाच्या गणिताचे दोन सेमिस्टर त्यांनी बघितलेलेच नसतात. त्यांना प्रॉक्टर कुठला? ज्याच्याकडं जागा शिल्लक असेल तो. खरं तर ह्या पोरांना पहिल्या आठवड्यातच गणिताच्या माणसाकडं पाठवायला पाहिजे. ते आपणहून येत नाहीत. ज्यांना हातानं काम येतं ती पोरं ‘मला येत नाही’ म्हणायला फार लाजतात.

आणि पहिलं वर्ष संपलं की जे होतं त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. पोरं आमच्याकडून निघून आपापल्या ब्रँचला जातात, तिथं नवा प्रॉक्टर, नवी डायरी. जुनी डायरी आमच्या डिपार्टमेंटच्या कपाटात, पुढच्या तपासणीसाठी. कुठल्या मुलीच्या घरी वडील नाहीत, कुणाचे दोन बॅक, म्हणजे राहिलेले विषय, आहेत आणि का आहेत, कोण कॉलेज सोडायच्या विचारात होतं आणि कसंबसं थांबलं, हे सगळं त्या कपाटात कुलूपबंद. दवाखान्यात डॉक्टर बदलला की पेशंटचा केसपेपर जाळून टाकावा तसा हा कारभार. नव्या प्रॉक्टरसमोर पोरगं पुन्हा पहिल्या पानावर येतं आणि पुन्हा ‘नो सर’. दोन्ही प्रॉक्टरांनी अर्धा तास समोरासमोर बसून वीस नावांवरून हात फिरवला तरी पुष्कळ निभावेल. हा अर्धा तास कुठल्याच कॅलेंडरात नाही.

पुढच्या वर्षांचं प्लॅनिंग मला दुरून दिसतं, म्हणून थोडक्यात. एआयसीटीईचे १०० अ‍ॅक्टिव्हिटी पॉइंट, डिप्लोमावाल्यांना ७५, हे समाजोपयोगी कामांचे पॉइंट कॉलेजच्या सगळ्या वर्षांत थोडे थोडे मिळवायचे असतात. पोरं आठव्या सेमला सर्टिफिकेट गोळा करत पळत असतात. कॅम्पसला येणाऱ्या पुष्कळ कंपन्या दहावी, पीयूसी आणि डिग्रीला साठ टक्के आणि एकही बॅक शिल्लक नको अशी अट घालतात. हे सातव्या सेमला कळून काही उपयोग नसतो. आणि ब्रँच. सगळ्यांना कम्प्युटर पाहिजे, नाहीतर एआय. मेकॅनिकलला आलेलं पोरगं पहिल्या दिवसापासून हरलेला चेहरा घेऊन बसतं. त्याला एकदा तरी उद्यमबागेत फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सवाल्यांकडं फिरवून आणा, हत्तरगीजवळ विमानाचे सुटे भाग बनतात ते दाखवा. मग त्याला पुण्याला जायचं असेल तर खुशाल जाऊ दे. पण घरापासून तासाभराच्या अंतरावर काय बनतं हे माहीत नसताना तो चार वर्षं तोंड पाडून बसतो, ते मला पटत नाही.

पालकांचं काय? त्यांना आमच्याकडून इंग्रजीत मेसेज जातो, की तुमच्या पाल्याची हजेरी अमुक टक्के आहे. वडील फाउंड्रीत, आई भाजी विकते, मेसेज वाचून दाखवणारं घरातलं एकमेव माणूस म्हणजे तोच पाल्य! तो काय वाचून दाखवेल हे सांगायला नको. पालक मेळावा कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार, तरी काही जण येतात, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि मागच्या रांगेत बसून प्रेझेंटेशन बघून जातात. त्यातल्या एकांनी मला बाहेर गाठून विचारलं होतं, ‘मॅडम, पोरगं शिकूलालंय न्हवं?’ तेवढंच त्यांना विचारायचं होतं. फोनवर मराठीत किंवा कन्नडात दोन मिनिटं बोललं तर ते आपणहून बाकीचं सांगतात: फी कुठून आणली, शेत कुणाकडं गहाण आहे, पोरगं घरी कसं वागतं. स्कॉलरशिपचा, एसएसपी ह्या सरकारी पोर्टलवरचा अर्ज अडकलाय हेसुद्धा मला असंच एका आईकडून कळलंय. पोरगं लाजेनं बोलतच नव्हतं.

माझे सहकारी म्हणतील, वेळ कुठून आणायचा? तीच हजेरी रजिस्टरात, मग पोर्टलवर, मग डायरीत, मग महिन्याच्या रिपोर्टात. ह्यातलं दोनदा लिहिणं बंद केलं तरी तास सुटतो. आणि ज्यांना वाटतं की अठरा वर्षांच्या पोराला एवढं बोटाला धरून कशाला चालवायचं, त्यांच्या घरी बहुतेक कुणीतरी आधी डिग्री घेतलेली असते. ज्याच्या घरात इंजिनिअर आहे त्याला हा सगळा हिशेब जेवणाच्या ताटावर फुकट मिळतो. बाकीच्यांना तो मिळायची जागा म्हणजे कॉलेजच.

आमच्या टाइमटेबल कमिटीतले मित्र ही पोस्ट वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी: मंगळवारी शेवटचा तास रिकामा आहे, मी चार्ट बघून आलेय. पण तो देऊ नका, बसवाली पोरं तेव्हा स्टँडच्या वाटेला लागलेली असतात. जेवणाच्या सुट्टीच्या आधीचा द्या. गणिताचा एक ट्युटोरियल तास पुढं-मागं करावा लागला तर माझी हरकत नाही, लेखी देते.