बोंडअळीला सवय झाली नाही

‘गुलाबी बोंडअळीला बीटीची सवय झाली’ हे कपाशीवरच्या लेखातलं विधान चुकीचं आहे. बीटी म्हणजे जनुक घालून तयार केलेली, अळीला मारणारं विष स्वतःच बनवणारी कपाशी. बीटी बोंड खाल्लं की साधी अळी मरते, सवय व्हायला ती उरतेच कुठे? पण लाखोंत एखादीच्या जनुकांत आधीपासूनच असा फरक असतो की विष तिला बाधत नाही. बाकीच्या मेल्या की पुढचा वंश तिचाच. २००६ मध्ये अशी दोन विषारी जनुकं असलेलं बीटी आलं आणि २०१७ मध्ये विदर्भात शेतंच्या शेतं डोमकळ्यांनी, म्हणजे आत अळी असल्याने न उमललेल्या फुलांनी, भरलेली पाहिली.

बिगर-बीटी कडेचा, म्हणजे बीटी शेताच्या कडेने लावायच्या साध्या कपाशीचा, तर लेखात उल्लेखच नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. विष न बाधण्याचा गुण आई-बाप दोघांकडून आला तरच अळी सहसा तगते. कडेच्या साध्या कपाशीवरच्या पतंगांशी मिलन झालं की पिल्लं बीटीला बळी पडतात. आमच्या भागात बीटी बियाण्यासोबत मिळणारं साध्या बियाण्याचं १२० ग्रॅमचं पाकीट बहुतेकांकडे तसंच पडून राहायचं. त्यात फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी, म्हणजे अळीला आणखी पिढ्या वाढवायला मोकळं रान. शेतकऱ्याला दोष देण्याआधी, हे पाकीट कशासाठी दिलं जायचं ते त्याला कुणी नीट सांगितलं होतं का, हे लेखकाने विचारायला हवं होतं.