अर्धा वाटा आणि हक्कसोड

भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी मला उद्देशून लिहिलं, "अगं, तुमच्या मोरोक्कोत मुलीला भावाच्या निम्मंच मिळतं म्हणे. आपल्याकडे बघ, समान हक्क." खाली अंगठ्यांची रांग. मी मोरोक्कोतल्या केनित्रा शहरात मोटारींच्या वायरिंगच्या कारखान्यात काम करते आणि दिवसभर इथल्या बायकांतच असते. काकांचं म्हणणं खरंच आहे. उलट त्यांनी कमीच सांगितलं.

भाऊच नसेल तर? एकुलत्या मुलीला निम्मा आणि दोन किंवा जास्त मुली असतील तर सगळ्यांना मिळून दोन तृतीयांश. उरलेलं बापाच्या भावाकडे, नाहीतर पुतण्याकडे जातं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकीच्या घरी नुसत्या बहिणी. वडील गेल्यावर, वर्षानुवर्षं उंबरा न ओलांडलेला चुलता फ्लॅटची किंमत विचारत आला. म्हणून इथले शहाणे बाप हयातीतच मुलींच्या नावे विक्रीखत करून ठेवतात. २०२४च्या डिसेंबरात कुटुंब कायद्याच्या सुधारणा जाहीर झाल्या, तेव्हाही उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, या नियमाला हात लावू दिला नाही. हयातीत मुलींना मालमत्ता बक्षीसपत्रानं द्या, एवढीच सोय सुचवली.

जमातीच्या सामायिक जमिनीत तर बाईला निम्माही वाटा नव्हता. देशात अशी जमीन सुमारे दीड कोटी हेक्टर. केनित्रा वाढत गेलं तशी आसपासची जमीन घरबांधणीला गेली, मोबदला आला, आणि वाटप झालं फक्त पुरुषांत. रिवाजच तसा. मुलगा वयात आला की त्याचं नाव हक्कदारांच्या यादीत चढायचं, पण त्याच मातीत म्हातारी झालेली विधवा यादीत नाही. याविरुद्ध २००७ साली इथल्याच हद्दादा जमातीतल्या रकिया बेल्लोत नावाच्या बाई उभ्या राहिल्या. शेतमजूर, निरक्षर, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका राजधानी रबातला जाऊन संसदेसमोर बसल्या. त्यांना 'सुलालियात' म्हणतात. आधी गृहखात्याची परिपत्रकं निघाली, मग २०१९मध्ये कायदा झाला: स्त्री-पुरुष दोघांनाही हक्क. तोवर बरीच जमीन विकून झाली होती, आणि कायद्यानंतरही याद्या करणाऱ्यांत पुरुषांचाच भरणा आहे. तरी या बायकांनी भावांविरुद्ध, चारचौघांत, हिस्सा मागितला.

आता आपलं. महाराष्ट्रानं १९९४मध्येच हिंदू कुटुंबातल्या, तेव्हा लग्न न झालेल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क दिला, देशानं २००५मध्ये सगळ्याच हिंदू मुलींना. वडील त्याआधी वारले असले तरी हक्क जन्मानंच मिळतो, हेही सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये सांगून टाकलं. कागदावर मोरोक्कोची बाई आपल्या जवळपासही नाही. आणि आपल्याकडे होतं काय, तर दहाव्या-तेराव्यानंतर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बहिणींची गाडी जाते. हक्कसोडपत्र आधीच टाइप करून तयार. आमच्या आत्यांनी सह्या केल्या त्या दिवशी दुपारी पुरणपोळीचं जेवण होतं आणि प्रत्येकीला साडी-चोळी. महिनाभरात सातबाऱ्यावर फक्त भाऊ राहिले. पुढे रस्त्याच्या भूसंपादनाचे पैसे आले ते कुणी घेतले, हे ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक आहे.

कुणी जबरदस्ती केली का? छे. "माहेर तुटेल" एवढं बोललं की पुरतं. वाटा घेतलेली बहीण राखीला आली तर स्वयंपाकघरात कुजबुज होते. मुलगी हुंडा घेऊन गेली म्हणजे तिचं भागलं, असंही वर ऐकवतात. जो हुंडा मुळात बेकायदा आहे! सरकार दीड हजार रुपये महिना देऊन बहिणीला लाडकी म्हणतं आणि त्याच तालुक्यात तिच्या जमिनीचे दस्त रांगेत असतात.

म्हणून काकांच्या अंगठ्यांत माझा अंगठा नव्हता. मोरोक्कोत अन्याय कायद्यात लिहिलेला आहे, निदान तो दाखवून त्याच्याशी भांडता येतं. आपल्याकडे कायदा बाईच्या बाजूचा, आणि तो सोडून दिल्याची सहीही तिचीच. मोर्चा न्यायचा कुणावर? भावावर?

कायदा आणखी कडक करा, असं मी म्हणत नाही. खऱ्या खुशीनं हक्क सोडणाऱ्या बहिणीही असतात. पण बाजारभावानं तिचा हिस्सा किती रुपयांचा होतो हे दस्ताच्या पहिल्याच पानावर ठळक लिहावं आणि सहीआधी निबंधकानं तिला एकटीला बसवून ते वाचून दाखवावं. तेवढा वेळ भाऊ बाहेरच्या बाकावर बसला तर काही बिघडत नाही. हे मी ग्रुपवर टाकलं, तर काकांनी विषय बदलून पावसाचं विचारलं.