विचारलं नाहीस म्हणून सांगितलं नाही

आज ऑफिसात आमच्या टीममधली एक मुलगी परत आली. तिसऱ्या महिन्यात मिसकॅरेज झालेलं आणि सातव्या दिवशी ही डेस्कवर, का तर म्हणे सिक लीव्ह संपल्या. डब्याच्या वेळी तिला बाजूला घेऊन सांगितलं, अगं सहा आठवडे पगारी रजा आहे तुझ्या हक्काची, तर मी थापा मारतेय अशा नजरेने बघायला लागली.

तिला काय बोलणार, २०१९ ला मीही दहाव्या दिवशी अशीच आलेले. ठाण्याहून घणसोली, ट्रान्स हार्बरच्या लोकलला उभ्याने, पर्समध्ये जादाचे पॅड. वर पाच दिवसांचा पगार कापला तो वेगळाच. एचआरने तेव्हा फक्त लीव्ह बॅलन्स विचारलेला. तीही बाईच होती आणि खरं सांगू, तिलाही माहीत नसावं.

ही रजा काही काल आलेली नाही, १९६१ च्या मॅटर्निटी बेनिफिट कायद्यापासून आहे. गर्भपात झाला किंवा कायदेशीररीत्या करून घेतला तरी सहा आठवडे, बाईने नसबंदी केली तर दोन आठवडे, त्यातून आजारपण निघालं तर वर आणखी एक महिना. २०२५ च्या नोव्हेंबरात त्या कायद्याच्या जागी नवीन सोशल सिक्युरिटी कोड लागू झाला, त्यातही सहा आठवडे कायम आहेत. पगार महिना एकवीस हजारांच्या आत असून ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापली जात असेल तर पैसे तिकडून मिळतात, एवढाच फरक.

आणि २०१७ च्या दुरुस्तीत बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली हे सगळ्या पेपरांत आलं, पण त्याच दुरुस्तीत होतं की बाई कामाला लागते त्याच वेळी हे सगळे फायदे तिला लेखी आणि मेलवर कळवायचे. ते कुणाच्या लक्षात आहे? मला जॉईन होताना कॉफीचा मग मिळाला, गळ्यातली पट्टी मिळाली, पार्किंगवर तीन मेल आले. कायद्याचा गोषवारा स्थानिक भाषेत दिसेल असा लावायचा असतो, आमच्याकडे तो इंग्रजीत आहे, झेरॉक्सची झेरॉक्स, वॉटर कूलरच्या मागे, वर कॅरम टूर्नामेंटची नोटीस.

वर कंपनीवाले म्हणतात, तुम्ही विचारलंच नाही. अहो, जे आहे हेच माहीत नाही ते विचारणार कसं? आणि विचारायचं म्हणजे आधी काय झालं ते सांगायचं, घरी सासूला नीट सांगता आलेलं नसतं ते एचआरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून सांगायचं.

असो. संध्याकाळी दोघींनी बसून उरलेल्या दिवसांचा अर्ज लिहिला, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं. सेंड करायच्या आधी ती थांबली, म्हणाली, ताई, कारणाच्या जागी काय लिहू, सीसीमध्ये सर पण आहेत ना.