स्वल्पविरामात अडकलेल्या सुइणी

रोजच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बायबलमधलं वाचन कोण करणार याची यादी आमच्याकडे महिन्याच्या सुरुवातीला व्हॉट्सॲपवर येते. सोमवार बहुतेक वेळा माझ्या गळ्यात पडतो, कारण सोमवारी सकाळी साडेसहाला कुणालाच उठून यायचं नसतं. 2025 च्या जुलैतला असाच एक सोमवार, 14 तारीख. वसईचा पाऊस म्हणजे काय ते इकडच्यांना सांगायला नको. छत्री दाराशी ठेवली, ओला पदर पिळला आणि वाचनांचं पुस्तक उघडून आधी एकदा नजर फिरवून घेतली. (एखादा उच्चार चुकला तर मागच्या बाकावरचे निवृत्त मास्तर मिस्सा संपल्यावर हमखास गाठतात.) वर लिहिलं होतं: निर्गम 1:8-14, 22. म्हणजे बायबलातल्या निर्गम ह्या पुस्तकाचा पहिला अध्याय, वचनं आठ ते चौदा आणि मग बावीस.

वाचन केलं. योसेफाला न ओळखणारा नवा राजा मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गादीवर आला, त्यानं इस्राएली लोकांना चिखलात आणि विटांच्या कामात राबवून घेतलं, तरी ते वाढतच गेले. आणि मग एकदम राजाचा हुकूम: जन्मणारा प्रत्येक मुलगा नदीत टाका. ‘प्रभूचा शब्द’ म्हटलं, दहा-बारा जणांनी ‘देवाला धन्यवाद’ म्हटलं, जागेवर येऊन बसले.

बसल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. चौदानंतर थेट बावीस? मधली सात वचनं कुठे गेली? हेच वाचन दर विषम वर्षी येतं, मी ते आधीही केलेलं असणार. तो स्वल्पविराम कधी डोळ्यांत भरला नव्हता.

घरी येऊन चहा ठेवायच्या आधी बायबल काढलं. त्या सात वचनांत दोन सुइणी आहेत. शिप्रा आणि पुवा. राजा दोघींना बोलावून सांगतो, इब्री, म्हणजे इस्राएली, बायकांची बाळंतपणं करताना मुलगा झाला तर मारून टाका, मुलगी झाली तर जगू द्या. दोघी देवाला भिणाऱ्या, त्या मुलांना जगवतात. राजा परत बोलावतो, जाब विचारतो. त्यावर त्या काय म्हणतात ऐका: इब्री बायका तुमच्या मिसरी बायकांसारख्या नाहीत हो, भारी जोमाच्या, सुईण पोचायच्या आधीच मोकळ्या होतात! जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाच्या तोंडावर इतकी सरळ थाप. आणि राजाला ती खरी वाटते, कारण बाळंतिणीच्या खोलीत काय चालतं हे त्याला कुठून माहीत असणार?

त्या राजाचं नाव ह्या गोष्टीत दिलेलंच नाही. नुसता मिसरचा राजा. ह्या दोघींची नावं मात्र लिहून ठेवली आहेत. मोशे जन्माला यायच्या आधी, समुद्र दुभंगायच्या आधी, फारोला, म्हणजे मिसरच्या राजाला, पहिला नकार दिला तो ह्या दोघींनी. त्यांना ओलांडून आम्ही पुढे जातो.

मला हे इतकं लागायचं कारण माझी आजी सुईण होती. शिकलेली नर्स नव्हे, गावची सुईण. लाल लुगडं, कनवटीला तपकिरीची डबी, आणि रात्री-अपरात्री कुणी कंदील घेऊन दारात आलं की पायात काही न घालताच निघायची. आमच्या आळीतली साठीच्या वरची निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली. तिच्याकडे एक छोटा तांब्याचा गडू होता, तो ती स्वयंपाकात कधी वापरू देत नसे. मी लहानपणी त्यातून पाणी प्यायले म्हणून मार खाल्लाय.

पुढे कळलं तो कशासाठी होता. मूल जगणार नाही असं दिसलं आणि फादरना बोलवायला वेळ नसला, की त्या गडूतलं पाणी बाळाच्या डोक्यावर घालून आजी बाप्तिस्मा देत असे. यात चोरून-लपून काही नव्हतं. कॅथलिक चर्चचा नियमच आहे की अडचणीच्या वेळी कुणीही, अगदी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. 1917 च्या धर्मसंहितेत तर असं सांगितलं होतं की लोकांना, विशेषतः सुइणींना, डॉक्टरांना आणि शल्यवैद्यांना ही पद्धत नीट शिकवायची जबाबदारी धर्मगुरूची. सुइणींचं नाव डॉक्टरांच्या आधी होतं. 1983 च्या नव्या संहितेत ‘श्रद्धावंतांना शिकवा’ एवढंच उरलं. सुईण तिथूनही गेली. दवाखान्यात बाळंतपणं व्हायला लागल्यावर कुणाला तिची आठवण राहणार म्हणा.

आजी म्हणायची ते शब्द तिच्याच तोंडून ऐकलेत. ‘मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देते.’ देते. वेदीसमोर मी आयुष्यात फक्त ‘देतो’ ऐकलंय. आमच्या भाषेत क्रियापद लपवाछपवी करू देत नाही, कोण बोलतंय ते शेवटच्या अक्षरात कळतं. इंग्रजीत मिस्सा ऐकणाऱ्याला ही गंमत कधी कळायची नाही.

बायबलमध्ये बायका नाहीत असं म्हणायची सोय नाही. चिक्कार आहेत. वेदीपर्यंत येता येता गळतात. त्या सोमवारनंतर मला स्वल्पविराम शोधायचं व्यसन लागलं. आधी हेही सांगते की ही वाचनमाला, म्हणजे कुठल्या दिवशी बायबलमधलं काय वाचायचं ते ठरवणारी यादी, वाईट नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1969 साली ती आली आणि रविवारचं चक्र तीन वर्षांचं, रोजचं दोन वर्षांचं झालं. त्याआधी लॅटिनमध्ये जे चालायचं त्यात जुना करार लोकांच्या कानावर फारसा पडतच नव्हता. माझ्या आजीनं मोशेची गोष्ट पुस्तकातून ऐकली ती म्हातारपणी. पण बघा.

नीतिसूत्रे, अध्याय 31. सद्गुणी स्त्रीचं वर्णन. एका रविवारी ते येतं ते असं: 10-13, 19-20, 30-31. म्हणजे ती मोलाची आहे, नवऱ्याचा तिच्यावर भरवसा आहे, ती सूत कातते, गरिबाला हात देते, देवाला भिते. छान. आता मधलं वाचा. ती शेत बघते, पारखते आणि विकत घेते. स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. कंबर कसते. आपल्या मालाला भाव मिळतोय हे तिला कळतं. कापड विणून विकते. आणि तोंड उघडते तेव्हा शहाणपणाचं बोलते. हे सगळं गळलेलं! मला विचाराल तर ह्या गळलेल्या बाईला मी रोज बघत आलेय. पहाटेच्या लोकलनं वाडीतली भाजी, केळी, फुलं पाट्यांत भरून मुंबईला नेऊन विकणाऱ्या आमच्या वसईच्या बायका दुसऱ्या कोण होत्या? माझ्या सासूबाईंनी भाजी विकून दोन गुंठे जागा घेतली. त्यांना चर्चमध्ये दर तीन वर्षांनी सूत कातणारी बाई ऐकवतात.

प्रेषित पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय फीबी नावाच्या बाईपासून सुरू होतो. आपल्या मराठी बायबलमध्ये तिला ‘सेविका’ म्हटलंय. मूळ ग्रीक शब्द दियाकोनोस, जो पौल स्वतःसाठीही वापरतो. मिस्सात हा अध्याय येतो तेव्हा तिसऱ्या वचनापासून. फीबी पहिल्या दोनमध्ये आहे.

ईस्टरच्या दिवसाचं शुभवर्तमान, योहान 20:1-9. येशूची शिष्या मारिया माग्दालेना अंधारात त्याच्या कबरेवर जाते, धोंडा सरकलेला बघून धावत येते, मग पेत्र आणि दुसरा शिष्य पळत जातात, रिकामी कबर बघतात, आणि वाचन संपतं. दहाव्या वचनात ते दोघे घरी परत जातात. ती तिथेच रडत उभी राहते, माळी समजून ज्याच्याशी बोलते तो येशू निघतो, तो तिला नावानं हाक मारतो आणि म्हणतो, जाऊन सांग. अख्ख्या ख्रिस्ती धर्माची पहिली बातमी. ती वाचली जाते मंगळवारी. ईस्टरनंतरच्या मंगळवारी मिस्साला कोण असतं ते मला विचारा. रविवारी नवे कपडे घालून भरगच्च आलेल्या चर्चला रिकामी कबर दिसते, तिला झालेली भेट दिसत नाही.

सगळ्यात चटका लावणारं मार्कच्या शुभवर्तमानातलं आहे. एक बाई येशूच्या मस्तकावर महागडं सुगंधी तेल ओतते, पुरुष कुरकुरतात, आणि येशू म्हणतो, जगात जिथे जिथे सुवार्ता सांगितली जाईल तिथे तिथे हिनं केलं तेही हिच्या आठवणीसाठी सांगितलं जाईल. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, ज्या वर्षी मार्क असतो त्या वर्षी, येशूच्या दुःखसहनाचं वाचन मोठं किंवा छोटं घ्यायची मुभा असते. मोठ्यात ती आहे. छोटं पंधराव्या अध्यायापासून सुरू होतं, तिच्यानंतर. आणि 39 व्या वचनावर थांबतं. 40 व्या वचनात काय आहे? दुरून बघत उभ्या असलेल्या बायका. मी हे पेन्सिलनं खूण करून दोनदा तपासलं. ऊन तापलेलं असतं, लोक उभे असतात, छोटंच घेतलं जातं.

‘स्त्रियांनो, पतीच्या अधीन असा’ हे कलस्सैकरांस पत्रातलं वचन मात्र पवित्र कुटुंबाच्या सणाला 12-21 असं सलग येतं. तिथे स्वल्पविराम नाही.

आमच्या फादरना विचारलं. भला माणूस आहे, वैतागले नाहीत. म्हणाले, अगं, रोजची मिस्सा अर्ध्या तासात व्हायला हवी, लोकांना गाडी पकडायची असते, कुठेतरी कात्री लागणारच. बरोबर आहे. मी घरी सुइणींची सात वचनं मोठ्यानं वाचून मोबाइलवर वेळ लावली. सव्वा मिनिट. सहलीचे पैसे भरायची सूचना त्याहून लांब असते.

कुणी मुद्दाम बायका वगळल्या असं मला वाटत नाही. ज्यांनी कात्री चालवली त्यांच्यापैकी कुणाच्या घरी सुईण आजी नव्हती, किंवा असली तरी त्यांना ती त्या वेळी आठवली नाही. कात्री कुठे लागते ते कात्री धरणाऱ्याला काय फालतू वाटतं त्यावर असतं. आमच्या घरातही फोटो अल्बम लावताना माझ्या नवऱ्यानं स्वयंपाकघरातले फोटो काढून टाकले होते, ‘ह्यात काय आहे’ म्हणून. त्यात त्याची आई होती.

रोम हललं नाही असंही नाही. मुलींना वेदीसेवेची परवानगी 1994 मध्ये मिळाली. पोप फ्रान्सिस यांनी 2013 च्या पवित्र गुरुवारी बालसुधारगृहात जाऊन मुलींचेही पाय धुतले, तेव्हा आमच्याकडेही बरीच कुजबुज झाली. 2016 मध्ये नियमातच तशी मुभा आली. त्याच वर्षी माग्दालेनाचा 22 जुलै हा दिवस प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीला आला. 2021 मध्ये वाचकपद बायकांना अधिकृतपणे खुलं झालं. मी त्याआधी पंधरा वर्षं वाचन करत होते, ते कशात मोजायचं कोण जाणे.

प्रार्थनेच्या भाषेचंही असंच. माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात श्रद्धेच्या अंगीकारात ‘मी विश्वास ठेवतो’ छापलंय. चर्चमध्ये बायकाच जास्त, आणि वर्षानुवर्षं आम्ही सगळ्या ‘ठेवतो’ म्हणत आलो, कारण छापलंय तसं म्हणायचं. आता काही जणी ‘ठेवते’ म्हणतात. कान देऊन ऐकलं तर त्या जागी आवाज फुटलेला ऐकू येतो, थोडे ‘तो’, थोडे ‘ते’. मला तो गोंधळ फार आवडतो.

आणि मारियामाता. एका रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, त्रेपन्न वेळा ‘स्त्रियांमध्ये तू धन्य’ म्हणतो आपण. मग नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला प्रार्थनेच्या मंडळात कुणीतरी सांगतं, मारियेनं नाही का सोसलं, तूही सोस. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि त्या वेळी गप्प बसलेय, त्याची लाज वाटते. ही तीच मारिया, जी लूकच्या पहिल्याच अध्यायात गाते की देवानं सत्ताधाऱ्यांना गादीवरून ओढून काढलं आणि श्रीमंतांना रिकाम्या हातानं पाठवून दिलं. चर्चच्या सायंप्रार्थनेत हे गाणं रोज म्हटलं जातं. आमच्या मूर्तीचे डोळे खाली आहेत, पण तोंड तिनं उघडलं होतं.

फादरना मी शेवटी विचारलं, ती सात वचनं मी वाचू का? म्हणाले, वाचनात आपल्या मनानं भर घालता येत नाही, पण प्रवचनात मी दोघींबद्दल बोलेन, पुढच्या वेळी आठवण कर. पुढची वेळ 2027 च्या जुलैत. मोबाइलमध्ये आठवण लावून ठेवलीय.

तोवर ऑक्टोबर आला. ऑक्टोबरात आमच्या आळीत रोज एकेका घरी रोझरी असते. माझ्या घरची पाळी आली तेव्हा माळेच्या तिसऱ्या आणि चौथ्या दशकाच्या (दहा मण्यांच्या गटाच्या) मध्ये मी निर्गम काढला आणि पंधरा ते एकवीस वाचून दाखवलं. तिथे नियमाचा प्रश्न नव्हता, माझं घर. थापेच्या जागी बायका खळखळून हसल्या. एक काका म्हणाले, हे बायबलमध्ये आहे?

चहा-बिस्किटं झाली, सगळे पांगले. पलीकडच्या घरची म्हातारी तेवढी बसून राहिली. ऐंशीच्या पुढची, आता लुगडं नेसणाऱ्या आळीत दोघीच उरल्यात, त्यातली एक. मला वाटलं गुडघे धरलेत, उठवायला हात पुढे केला. तिनं हात धरून ठेवला आणि म्हणाली, ‘माझ्या पयल्या पोरीला तुझ्या आजीनंच पाणी घातलेलं. पहाट होईस्तोवर पण नाय राहिली.’ मग जरा वेळानं, ‘त्या दोघींची नावं काय म्हणालीस? परत सांग.’

मी सांगितली. तिनं दोन्ही नावं एकदा पुटपुटून बघितली आणि मग विचारलं, तो गडू अजून आहे का.